मूल बरं होणार नाही असं कळल्यावर: कॅथलिक आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वसई, मुंबई, पुणे, नाशिक, अहिल्यानगर भागातल्या मराठी कॅथलिक कुटुंबांसाठी आहे. डॉक्टरांनी "आता बरं करण्याचं औषध उरलेलं नाही" असं सांगितल्यानंतरचे आठवडे आणि दिवस डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे. वरपासून खालपर्यंत वाचायची गरज नाही. आज रात्री जो प्रश्न पडला आहे तेवढाच वाचा.

फादरांना कधी बोलवायचं? आत्ताच बोलावलं तर मुलाला वाटेल की सगळं संपलं.

आत्ताच बोलवा. या पानावरचं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाला आपल्याकडे अजून "शेवटचं तेल" म्हणतात, आणि त्या "शेवटच्या" शब्दाला घाबरून घरची माणसं थांबतात. मग फादर पोचतात तेव्हा मूल बोलत नसतं, गिळत नसतं, आणि पापनिवेदन व कम्युनियन दोन्ही राहून जातं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगून टाकलं की हा संस्कार फक्त शेवटच्या घटकेचा नाही. आजारपणामुळे जिवाला धोका सुरू झाला की तो घेता येतो, आणि त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हा घेता येतो.

मुलाला धसका बसू नये यासाठी फादरांची पहिली भेट नुसती गप्पांची ठेवा. क्रिकेट, शाळा, कुत्रा, काहीही. दुसऱ्या भेटीत ते तेलाची डबी खिशातून काढतील तेव्हा ते अनोळखी राहिलेले नसतात.

फोनवर फादरांना काय काय सांगायचं?

नुसतं "मूल सीरियस आहे" म्हटलं तर फादर अर्ध्या तयारीने येतात. मुलाचं नाव आणि वय सांगा. स्नानसंस्कार, पहिलं कम्युनियन, दृढीकरण यांतलं काय झालं आहे ते सांगा. मूल शुद्धीवर असतं का, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त जागं असतं? गिळता येतं की नळीने आहार चालू आहे? ऑक्सिजन लावला आहे का? वॉर्डात असाल तर मजला, खाट क्रमांक, भेटीची वेळ आणि मास्क-गाऊन लागतो का, हेही सांगून ठेवा. अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच आत सोडतात, म्हणून सिस्टर इन्चार्जना आधी विचारून ठेवलेलं बरं. धर्मगुरू येणार आहेत म्हटल्यावर बहुतेक वॉर्ड पंधरा मिनिटं देतात.

उपचारासाठी परगावी आला असाल तर आपल्याच पॅरिशचे फादर यायला हवेत असं नाही. रुग्णालय ज्या पॅरिशच्या हद्दीत असेल तिथल्या चर्चच्या कार्यालयात फोन करा. आणीबाणीत कोणताही धर्मगुरू येऊ शकतो.

आमचं मूल चार वर्षांचं आहे. फादर म्हणाले, तेल लावायची गरज नाही. आम्हाला फार लागलं.

लागणारच. पण इथे नकार दिला जात नाहीये. तैलाभ्यंगात पापक्षमाही असते, म्हणून चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेत तो समज आलेल्या व्यक्तीसाठी ठेवला आहे, आणि सात वर्षांखालच्या मुलाला ती समज आलेली नसते असं धरलं जातं. स्नानसंस्कार झालेल्या चार वर्षांच्या मुलाच्या नावावर क्षमा करण्यासारखं काहीच नसतं. मात्र पाच-सहा वर्षांचं, रुग्णालयात राहून वयाआधी मोठं झालेलं मूल असेल आणि समज आली की नाही याची शंका असेल, तर नियम मुलाच्या बाजूने झुकतो: शंका असेल तर तेल लावावं (नियम १००५). बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या मुलालाही हेच लागू होतं. हा नियम फादरांना नम्रपणे दाखवायला हरकत नाही.

शिवाय अगदी तान्ह्या बाळालाही एक संस्कार मिळू शकतो, आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. तो म्हणजे दृढीकरण. एरवी त्याला बिशप लागतात, पण मरणाचा धोका असेल तर कोणताही धर्मगुरू तो देऊ शकतो. त्याला लागणारं क्रिस्मा तेल वेगळं असतं, आजाऱ्यांच्या तेलाच्या डबीने हे काम होत नाही. म्हणून फोनवरच विचारून घ्या.

पहिलं कम्युनियन व्हायचं आहे. वर्ग अर्धाच झालाय. आता?

वर्ग पूर्ण होण्याची वाट पाहू नका. मरणाचा धोका असलेल्या मुलासाठी अट एवढीच आहे की ही रोजची पोळी नाही, येशू आहे, हे त्याला कळावं आणि त्याने ते आदराने घ्यावं. पाच वर्षांचं मूलही हे सांगू शकतं. पांढरा ड्रेस शिवायचा असेल तर पाठीमागे पूर्ण उघडा आणि बंद बांधायचा शिवा. सलाइन लावलेला हात बाहीत घालताना होणारे हाल टळतात.

तोंडात फोड असतील, घसा कोरडा असेल तर ओस्तीचा नखाएवढा तुकडा पुरे. एवढ्याशा तुकड्यातही येशू पूर्णच असतो. आधी चमचाभर पाणी द्या म्हणजे जीभ ओली होते, मग तुकडा चमच्यातल्या पाण्यात ठेवून द्या आणि वर पुन्हा थोडं पाणी. गिळणं बंद असेल तर फक्त द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येतं. पण ते फादरांना मिस्सेतून झाकणाच्या भांड्यात आणावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी सांगा, आणि काही थेंब नळीतून चालतील का हे डॉक्टरांना विचारा. नळीतून दिल्यावर पाण्याने नळी धुवायची, नेहमीसारखीच.

मुलाने ओस्ती थुंकली किंवा उलटी झाली तर? काही बिघडत नाही, आणि मुलावर तर मुळीच रागावू नका. ओस्तीचा तुकडा दिसत असेल तर तो पाण्यात विरघळू द्या आणि ते पाणी, जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा मातीत ओता. कम्युनियनआधीच्या एका तासाच्या उपवासाचा नियम आजाऱ्याला लागू नाही, आणि त्याची सेवा करणाऱ्यांनाही नाही. म्हणजे आई, तुम्ही पाच मिनिटांपूर्वी चहा घेतला असला तरी कम्युनियन घ्या.

मरणाच्या दारात घेतलेल्या कम्युनियनला लॅटिनमध्ये व्हायाटिकम म्हणतात. त्याचा सरळ अर्थ: वाटेची शिदोरी.

बाळ जन्मतःच गंभीर आहे, फादर पोचेपर्यंत राहील असं वाटत नाही. स्नानसंस्कार कोण देऊ शकतं?

कोणीही. आई, बाबा, नर्स. नर्स हिंदू किंवा मुसलमान असली तरी चालतं, चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करायची तिची इच्छा हवी. साधं पाणी पुरतं.

नवजात अतिदक्षता कक्षात हे असं करतात. सिस्टरांकडून निर्जंतुक पाण्याची छोटी सिरिंज घ्या, दोन-तीन मिलिलिटर भरपूर झालं, आणि ती तळहातात धरून कोमट करा. बाळाची टोपी सरकवा. कपाळाच्या किंवा डोक्याच्या कातडीवरून पाणी ओघळेल असं तीनदा सोडा आणि त्याच वेळी स्वतः म्हणा: "(नाव), मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने स्नानसंस्कार देते." पुरुष असेल तर "देतो". झालं. लगेच मऊ कापडाने टिपून टोपी घाला. कमी दिवसांच्या बाळाचं अंग ओल्या डोक्यातून फार लवकर गार पडतं.

चुका होतात त्या ठरलेल्या. पाणी एकाने घातलं आणि शब्द दुसऱ्याने म्हटले, तर संस्कार होत नाही. ओला कापूस नुसता टेकवला आणि पाणी वाहिलंच नाही, तर शंका राहते. सगळ्यांना सामील करून घ्यायच्या भरात "आम्ही तुला" म्हटलं, तर तोही होत नाही. रोमने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. म्हणून "मी" म्हणा, बाकीचे आमेन म्हणतील.

नंतर पॅरिशला कळवा: तारीख, वेळ, जागा, कोणी दिला, साक्षीदार कोण, आईबाबांची नावं. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत बाळाचं नाव चढतं, आणि पुढे कित्येक आईबाबांना त्या एका ओळीचा मोठा आधार होतो. बाळ वाचलं तर पुन्हा पाणी घालत नाहीत, राहिलेले विधी तेवढे चर्चमध्ये पूर्ण करतात.

बाळ आधीच गेलं होतं, किंवा आम्हाला सुचलंच नाही. आता त्याचं काय होईल?

संस्कार जिवंतांसाठी असतात, म्हणून गेलेल्या बाळाला स्नानसंस्कार देत नाहीत. नाव ठेवता येतं, आशीर्वादाची प्रार्थना होते. बाळाला स्नानसंस्कार देण्याची आईबाबांची इच्छा होती म्हटल्यावर बिशपांच्या परवानगीने चर्चचा अंत्यविधीही होतो. आजीच्या तोंडून ऐकलेलं "लिंबो", म्हणजे स्नानसंस्काराविना गेलेली बाळं स्वर्गाबाहेर राहतात ती जागा, चर्चने श्रद्धेचं तत्त्व म्हणून कधीच शिकवलं नव्हतं. रोमच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्र आयोगाने २००७ मध्ये या विषयावर अख्खा दस्तऐवज काढला. त्याचा सूर आशेचा आहे: देव संस्कारांना बांधलेला नाही, आणि लहानग्यांना आपल्याकडे येऊ द्या म्हणणारा येशू यांना बाहेर ठेवेल असं मानायला कारण नाही.

ख्रिस्ताने दुःख सोसलं. मग मॉर्फिन देणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नाही का?

नाही. बारावे पायस पोप यांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये डॉक्टरांसमोर हे उलगडून सांगितलं होतं. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या परिच्छेद २२७९ मध्येही ते आहे: मरण आणण्याचा हेतू नसेल तर वेदना शमवण्यासाठी औषध देणं योग्य आहे, त्याने आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरीही. आपली वेदना एखादा मोठा माणूस आपणहून देवाला अर्पण करू शकतो. ती मुलाकडून मागून घ्यायचा हक्क कुणालाही नाही. "येशूसाठी थोडं सोस बाळा" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

मॉर्फिन कामी येत नाही त्यामागची कारणं सहसा साधी असतात. ते "दुखेल तेव्हा" दिलं जातं. खरं तर ते घड्याळाप्रमाणे द्यायचं, रात्रीचाही डोस न चुकवता, आणि मधेच कळ आली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला जादा डोस वेगळा. दुसरं, बद्धकोष्ठ. तो बहुतेक सगळ्यांना होतो, म्हणून पोट साफ ठेवायचं औषध पहिल्या दिवसापासूनच हवं. पोट फुगलं म्हणून मूल विव्हळतं आणि घरचे मॉर्फिनला दोष देतात. तिसरं, पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते. ती उतरते. त्याला घाबरून औषध एकदम बंद केलं तर वेदना उसळते आणि अंगाला वेगळाच त्रास सुरू होतो. डोस मात्र स्वतः ठरवू नका, शेजारच्या रुग्णाचा तर कधीच नको. तो वजन, वय आणि मूत्रपिंडं पाहून ठरतो. आणि मूल हाक मारून उठत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन.

कायद्याची धास्ती असेल तर २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त केंद्रांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळेलच असं नाही, म्हणून बाटली संपायच्या चार-पाच दिवस आधीच रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह (वेदना-त्रास कमी करणाऱ्या) विभागाशी बोला.

व्हेंटिलेटर नको, आणखी एक केमो नको म्हटलं तर ते पाप आहे?

फायद्याच्या मानाने त्रास फार जड झालेला उपचार थांबवता येतो (धर्मशिक्षण ग्रंथ, परिच्छेद २२७८). त्यात मरण आणणं नसतं, मरण थांबवता येत नाही हे मान्य करणं असतं. जीव घेण्यासाठी इंजेक्शन देणं मात्र चर्चला मान्य नाही.

अन्नपाण्याचा प्रश्न आपल्या घरांत जास्त बोचतो, कारण मूल उपाशी गेलं हे आईच्या मनातून जात नाही. मुलाला लाभ होतोय तोवर अन्नपाणी द्यायचंच, नळीने का होईना. पण शेवटच्या दिवसांत शरीर ते घेईनासं होतं. जबरदस्तीने भरवलेली पेज श्वासात जाते, जास्तीचं सलाइन फुप्फुसात आणि पायांवर साचतं. तेव्हा कमी करणं हीच काळजी असते. ओठांना व्हॅसलिन, दर तास-दोन तासांनी ओल्या कापडाने किंवा बोळ्याने तोंड पुसणं, चालत असेल तर चमचाभर नारळपाणी. यालाही भरवणंच म्हणतात.

घरी वेदी मांडायची तर काय काळजी घ्यायची?

एका छोट्या टेबलावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, पवित्र पाणी आणि पेलाभर साधं पाणी, एवढीच तयारी.

पण खोलीत ऑक्सिजन सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर चालू असेल तर मेणबत्ती, उदबत्ती, धूप यांतलं काहीही पेटवायचं नाही. ऑक्सिजनने भरलेलं पांघरूण आणि गादी क्षणात पेट घेते. बॅटरीच्या मेणबत्त्या वापरा. यात श्रद्धेचा काही अपमान होत नाही.

पांढऱ्या पेशी कमी असतील तर तीर्थक्षेत्राहून आणलेलं पाणी पाजू नका, आणि सलाइनच्या पोर्टजवळ शिंपडू नका. कपाळावर बोटाने क्रूस काढला की पुरे. वेलंकनीहून आणलेलं तेल रेडिएशन चालू असलेल्या कातडीवर चोळू नका. आणि ते तेल म्हणजे तैलाभ्यंगाचा संस्कार नव्हे, ही गल्लत फार होते. सगळ्यांनी चुंबन घेतलेला क्रूस मुलाच्या ओठांना लावण्याआधी पुसून घ्या. एमआरआयला जाताना गळ्यातलं मेडल काढून खिशात न ठेवता घरच्यांकडे द्या.

मतमाउलीला नवस केला होता. मूल काही बरं होत नाहीये. आता?

वांद्र्याच्या डोंगरावर मतमाउलीच्या सणाला, ८ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यात, मेणाच्या बाहुल्या, हात, पाय विकायला असतात. आजारी मुलासाठी मेणाचं बाळ वाहणारे तिथे ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. ते मेणाचं बाळ म्हणजे हाताला धरता येणारी प्रार्थना. ती वाहा. मात्र तिच्याशी व्यवहार जोडू नका.

"बरा झाला तर अमुक करीन" असा नवस असेल आणि मूल बरं झालं नाही, तर त्या नवसाचं बंधन राहत नाही. नवस बिनशर्त होता आणि तो फेडणं आता झेपत नसेल, तर तुमच्या पॅरिशचे फादर त्यातून मोकळं करू शकतात. ते सांगायला लाज वाटू देऊ नका, अशा गोष्टी ते नेहमी ऐकतात.

आरोग्यदानाच्या प्रार्थनासभांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. कुणी "औषध बंद करा, विश्वास ठेवा" म्हणालं की त्या क्षणी उठून या. सिराकच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितलं आहे, आणि तो आपल्या बायबलमध्ये आहे. प्लेटलेट कमी असलेल्या मुलाला गर्दीच्या लोकलमधून नेऊ नका. फादर घरी येऊन तीच प्रार्थना करतील. आणि "तुमच्या घराण्याचा शाप आहे" असं सांगणाऱ्याला यहेज्केलचा १८ वा अध्याय वाचायला द्या: बापाचा दोष मुलावर येत नाही. पिढ्यांचे शाप उतरवणाऱ्या मिस्सांना पोलंडच्या बिशपांनी २०१५ मध्ये मनाई केली आहे.

प्रार्थना होतच नाही. देवाचा राग येतो.

मग रागाचीच प्रार्थना करा, बायबलमध्ये ती तयार आहे. स्तोत्र १३ सुरू होतं तेच "कुठवर?" ने, आणि दोन ओव्यांत तोच प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी "तरी देव चांगला आहे" असा दिलासाही नाही. आपल्या पूर्वजांनी ते स्तोत्र पुसून टाकलं नाही, यातच बरंच काही आलं. योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे? येशू म्हणतो, याच्याही नाही आणि याच्या आईबापांच्याही नाही. "का" याचं उत्तर मात्र कुणाकडे नाही. २०१५ मध्ये मनिलात एका लहान मुलीने रडत हाच प्रश्न पोप फ्रान्सिस यांना विचारला, तेव्हा त्यांनीही याला उत्तर नाही असंच सांगितलं आणि तिला जवळ घेतलं.

अख्खी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायला वीस मिनिटं लागतात, आणि त्यात तीनदा सक्शन (नळीने घशातला कफ ओढणं) करावं लागतं. एकच दशक, म्हणजे दहा मण्यांचा भाग, म्हणा, चार मिनिटांत होतं, आणि माळ हाती नसेल तर दहा बोटं आहेतच. तेही जमत नसेल तर श्वास घेताना "येशू" आणि सोडताना मुलाचं नाव. रविवारची मिस्सा चुकली म्हणून पापनिवेदनाला धावू नका. आजाऱ्याची सेवा हे चुकण्याचं रास्त कारण आहे.

मुलाने विचारलं, "मी मरणार का?" काय सांगू?

आधी विचारा, "तुला काय वाटतं?" बहुतेक वेळा मुलाला माहीत असतं, आणि त्याला भीती मरणाची कमी व एकटं राहण्याची जास्त असते. "दुखेल का, तू असशील ना?" हे त्याचे खरे प्रश्न. "दुखू नये म्हणून औषध आहे. मी इथेच आहे. आणि माझा हात सुटेल तेव्हा येशूने धरलेला असेल." एवढं वयाच्या मानाने सांगा. खोटं बोललात तर मूल तुम्हाला सांभाळायला लागतं, आणि गप्प होतं.

आपली आवडती वाक्यं इथे धोक्याची आहेत. "देवाला चांगली फुलं आवडतात, म्हणून तो लवकर तोडतो" हे ऐकून धाकटी बहीण वाईट वागायचं ठरवते. "दादा झोपला" म्हटलं तर ती रात्री झोपायला घाबरते. "येशू तुला न्यायला येणार आहे" म्हटलं तर काही मुलं दाराकडे पाहत बसतात. त्यापेक्षा मार्कच्या ५ व्या अध्यायातली याईराच्या मुलीची गोष्ट वाचा. तिथे येशू तिचा हात धरतो आणि शेवटी तिला खायला द्या म्हणतो. मुलांना तो शेवट आवडतो.

सात वर्षांवरचं मूल स्वतःहून "मी मम्मीशी खोटं बोललो म्हणून हे झालं" म्हणतं, तेव्हा नुसती समजूत पुरत नाही. पापनिवेदनाचा खरा उपयोग इथे होतो. पडदा ओढा, दहा मिनिटं बाहेर थांबा. बोलता येत नसेल तर मान हलवून किंवा बोट दाबूनही चालतं. आत काय झालं ते नंतर विचारू नका.

आजारी मुलांच्या भाषेत बोलणारे संतही आहेत. फातिमाचा फ्रान्सिस्को १० व्या वर्षी आणि जासिंता ९ व्या वर्षी गेली. कार्लो अक्युटिस १५ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने २००६ मध्ये गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संत झाला. जीन्स घालणारा, संगणकावर रमणारा संत म्हणून मोठ्या मुलांना तो जवळचा वाटतो. पण "त्याच्यासारखा धीराचा हो" असं म्हणू नका.

नवरा हिंदू आहे. सासरच्यांना काय वाटेल?

मुलाच्या खाटेभोवती धर्माची भांडणं मुलाला ऐकू जातात. सासूबाईंनी अंगारा लावला तर हात झटकू नका. संस्कारांबद्दल नवऱ्याशी एकांतात, शांत वेळी बोला. फादर आल्यावर सगळ्यांना खोलीत बसू द्या, कपाळावर क्रूस काढायला आजोबांनाही सांगा.

घरी झेपत नाही. कुठे जायचं?

वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. भारतातलं ते पहिलं हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांचं सेवाघर), कॅथलिक धर्मभगिनी चालवतात. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांना कोणत्याही धर्माचे असले तरी मोफत ठेवतात, आणि गोव्यातही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. मूल किती वयाचं आहे हे सांगून खाट मिळेल का ते आधी फोनवर विचारा. परळला उपचार चालू असतानाच राहण्याची अडचण असेल तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स बाहेरगावच्या कुटुंबांना मोफत जागा देतात. त्यासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते.

शेवटच्या तासांत काय दिसतं, आणि काय म्हणायचं?

हातपाय गार आणि जांभळट होतात. श्वास मधे थांबतो, कधी अर्धा मिनिट, मग पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. ऐकणाऱ्यालाच तिचा त्रास जास्त असतो. मुलाला कुशीवर वळवा, डोकं थोडं वर. घरीच ठेवायचं ठरलं असेल तर या घरघरीला घाबरून रुग्णवाहिका बोलावली जाते, आणि मूल रस्त्यात जातं. म्हणून डॉक्टरांचा रात्रीचा नंबर भिंतीवर लावून ठेवा.

ऐकू येणं बऱ्याच उशिरापर्यंत टिकतं असं मानतात. म्हणून डोक्याशी बसून रडण्याऐवजी कानाशी बोला. निरोपाच्या प्रार्थनेला फादर लागत नाहीत. कपाळावर अंगठ्याने क्रूस काढा, स्नानसंस्काराच्या दिवशी काढला होता तसाच. संतांची नावं घ्या, पहिलं त्याच्या स्वतःच्या नावाच्या संताचं. "आमच्या स्वर्गातील बापा" हळू म्हणा. खोलीत दोघा-तिघांपेक्षा जास्त माणसं नकोत, बाकीच्यांना ओटीवर तेर्स म्हणू द्या.

नंतर लगेच काय करावं लागतं?

घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र लागतं. पहाटे तीनला कोण येईल हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर दफनाचा परवाना अडतो. नोंदणीची मुदत २१ दिवसांची आहे. अंत्यविधीला फादर पांढरा पोशाख घालतात, जांभळा नाही. लहान, स्नानसंस्कार झालेल्या मुलासाठी पापक्षमेची याचना नसते. प्रार्थना त्याच्या आईबाबांसाठी असते. दहन करायचं असेल तर १९६३ पासून मुभा आहे, पण अस्थी दफनभूमीत किंवा चर्चने नेमलेल्या जागीच ठेवायच्या.

धाकट्या भावंडांना शिमित्रीत, म्हणजे दफनभूमीत, नेऊ का, असं विचारतात. न्या, यायचं असेल तर. मात्र काय दिसणार ते आधी सांगा, आणि कंटाळली तर बाहेर घेऊन जाईल असा एक मोठा माणूस त्यांच्यासोबत ठेवा.

घरात उरलेल्या वस्तूंचं काय करायचं?

उरलेलं पवित्र पाणी झाडाच्या मुळाशी ओता. झावळ्यांच्या रविवारची झावळी जाळून राख मातीत मिसळा. स्नानसंस्काराची मेणबत्ती ठेवा. २ नोव्हेंबरला शिमित्रीत लावायला तीच न्या. मॉर्फिनच्या गोळ्या किंवा बाटली मोजून रुग्णालयाच्या फार्मसीत परत द्या आणि पावती घ्या. दुसऱ्या रुग्णाला देऊ नका, बेसिनमध्ये ओतू नका. ऑक्सिजनचं भाड्याचं यंत्र न्यायला माणूस येईल, त्या वेळी आईने घरी असलंच पाहिजे असं नाही. शेजाऱ्यांना सांगून ठेवा.